परदेशातल्या नौदल रुग्णालयात करिअर संपतं, हा समज कुठे चुकतो

अमेरिकेतल्या मराठी घरात मुलगा किंवा मुलगी मेडिकलच्या प्रवेशाला बसली, की अमेरिकन नौदलाच्या शिष्यवृत्तीचा विषय निघतो आणि पाठोपाठ एक फिरता मजकूर येऊन पडतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: नौदल फी भरेल, पण नंतर जपान, ग्वाम, इटली, स्पेन असल्या ठिकाणच्या हॉस्पिटलात टाकेल. तिथे सर्दी-खोकल्यापलीकडे काम नसतं. वर चढतात ते बेथेस्डा आणि सॅन डिएगोच्या मोठ्या हॉस्पिटलांतले लोक, तेही फक्त डॉक्टर. नर्स आणि व्यवस्थापनातल्यांना कुणी विचारत नाही. शिवाय नव्या कायद्यानंतर रुग्णालयाचा प्रमुख, म्हणजे कमांडिंग ऑफिसर, नावापुरताच उरलाय. आणि शेवटचं, तिथे सर्जनचा हात गंजतो.

यातलं शेवटचं वाक्य बरंचसं खरं आहे. बाकीची चार खरी नाहीत, आणि त्यांच्या भरवशावर बाविशीतली मुलं आयुष्याचे निर्णय घेताहेत किंवा आईवडील त्यांच्या वतीने घेताहेत. म्हणून एकेक मुद्दा सोडवून बघू.

आधी काम नसतं, हे. २७ मार्च २०२० रोजी यूएसएस थिओडोर रूझवेल्ट ही विमानवाहू नौका ग्वाम या पॅसिफिकमधल्या अमेरिकन बेटाच्या धक्क्याला लागली. जहाजावर कोविड पसरत होता. एकूण माणसं ४,७७९, आणि त्यांतली १,२७१ पुढे पॉझिटिव्ह निघाली. ग्वामचं नौदल रुग्णालय मोजक्या खाटांचं. गंभीर पेशंट पुढे पाठवायचा म्हटलं तर होनोलुलूचं लष्करी हॉस्पिटल सुमारे सहा हजार किलोमीटरवर. बेटावर नौदलाची कुटुंबं होती, निवृत्त सैनिक होते, त्यांची बाळंतपणं आणि हृदयविकार काही थांबणार नव्हते.

त्या आठवड्यांत तिथल्या नेतृत्वापुढे काय होतं बघा. हजारो खलाशांची तपासणी करायची, जहाजावरून उतरवून त्यांना वेगवेगळं ठेवायचं, ज्यांना ठेवलंय त्यांच्याकडे दिवसातून दोनदा बघायला माणूस हवा. खोल्या बेटावरच्या हॉटेलांच्या, म्हणजे स्थानिक सरकारची परवानगी हवी. ग्वामच्या गव्हर्नर लू लिऑन गरेरो स्वतः शिकलेल्या नर्स. त्यांनी हॉटेलं खुली करू दिली आणि त्यासाठी बेटावर टीकाही सोसली. खलाशांपैकी २३ जणांना हॉस्पिटलात दाखल करावं लागलं, चौघांना अतिदक्षता विभागात. एक जण १३ एप्रिलला तिथेच गेला. इतक्या माणसांत एकच, असं कुणी म्हणेल. पण वय तरुण असलं तरी चौघं अतिदक्षतेत जातात तेव्हा पाचवा आला तर काय, हा हिशोब कुणाला तरी रोज सकाळी करावा लागतो. तो करणारं माणूस त्या छोट्या हॉस्पिटलात बसलेलं होतं.

ग्वाम अपवाद नाही. जून २०१७मध्ये यूएसएस फिट्झजेराल्डची जपानजवळ मालवाहू जहाजाशी टक्कर झाली, सात खलाशी गेले. जहाजाच्या जखमी कमांडिंग ऑफिसरला हेलिकॉप्टरने नेलं ते योकोसुकाच्या नौदल रुग्णालयात. त्याच्या सहा वर्षं आधी, मार्च २०११मध्ये, फुकुशिमाच्या अणुभट्ट्या बिघडल्या तेव्हा योकोसुका आणि आत्सुगीच्या तळांवर पोटॅशियम आयोडाइडच्या गोळ्या वाटण्याची वेळ आली. गोळी कुणाला, केव्हा, घाबरलेल्या आईला काय सांगायचं, हे प्रश्न नौदलाच्या डॉक्टर-नर्सनीच पेलले.

आणि संकट नसतं तेव्हाही रोजचं काम असतंच. तळावरची माणसं तरुण, म्हणजे बाळंतपणं, लहान मुलं, मोडलेली हाडं, मानसिक ताण. ओकिनावाच्या रुग्णालयात नवजात बालकांचा अतिदक्षता विभाग आहे. तिथे आणि योकोसुकाला जपानी डॉक्टर वर्षभराच्या फेलोशिपवर येतात. रात्री एखादा पेशंट गावातल्या जपानी हॉस्पिटलात हलवायचा झाला, की समोरच्या डॉक्टरशी फोनवर बोलणं, कागद समजावणं, कधी अँब्युलन्समधून सोबत जाणं हे काम त्यांच्याकडे येतं. तेव्हा ड्यूटीवर असलेल्या अमेरिकन डॉक्टरला दोन देशांच्या वैद्यकीय पद्धती एकत्र चालवाव्या लागतात. बेथेस्डात शिकणाऱ्याला हे शिकायला मिळत नाही.

दुसरा मुद्दा: तिथे गेलं की वरची वाट बंद. अमेरिकन नौदलातली पहिली महिला अ‍ॅडमिरल कोण, हे बघितलं तरी पुरे. अलीन ड्यूर्क, १९७२. नर्स. साठच्या दशकात त्या फिलिपिन्समधल्या सुबिक बे आणि नंतर योकोसुकाच्या नौदल रुग्णालयांत काम करत होत्या. १९७०मध्ये नर्स कोअरच्या, म्हणजे नौदलातल्या नर्स अधिकाऱ्यांच्या शाखेच्या, प्रमुख झाल्या आणि दोन वर्षांनी रिअर अ‍ॅडमिरल. दुसरं नाव अ‍ॅडम रॉबिन्सन. जनरल सर्जरीची रेसिडेन्सी झाल्यावर त्यांनी योकोसुकाच्या रुग्णालयात स्टाफ सर्जन म्हणून आणि तिथेच तळ असलेल्या यूएसएस मिडवेवर जहाजाचे सर्जन म्हणून काम केलं. २००७मध्ये ते नौदलाचे सर्जन जनरल झाले, म्हणजे नौदलातल्या सगळ्या वैद्यकीय सेवेचे प्रमुख.

(इथे एक गोंधळ दूर करतो, कारण आपल्या घरांत तो फार आहे. विवेक मूर्ती यांचे गणवेशातले फोटो बघून बरेच जण त्यांना नौदलाचे अ‍ॅडमिरल समजतात. ते देशाचे सर्जन जनरल होते आणि त्यांचा गणवेश सार्वजनिक आरोग्य सेवेचा. त्या सेवेचे हुद्दे नौदलासारखे असतात, इतकंच. नौदलाचा सर्जन जनरल वेगळा.)

दोन नावांनी नियम सिद्ध होत नाही, मान्य. पण त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. नौदल रुग्णालयात पायऱ्या ठरलेल्या: डिव्हिजन ऑफिसर, विभागप्रमुख, मग शस्त्रक्रिया किंवा नर्सिंग किंवा प्रशासन अशा एखाद्या शाखेचा डायरेक्टर, मग एक्झिक्युटिव्ह ऑफिसर, शेवटी कमांडिंग ऑफिसर. शेवटची दोन पदं निवड मंडळाच्या चाळणीतून मिळतात आणि मंडळ बघतं ते आधी काय काय सांभाळलं. मोठ्या हॉस्पिटलात एका विभागात वीस तज्ज्ञ असतात. तिथे विभागप्रमुख व्हायला वरिष्ठता लागते. परदेशातल्या छोट्या रुग्णालयात बालरोगतज्ज्ञ दोघं-तिघं. त्यातला एक लेफ्टनंट कमांडर, म्हणजे मधल्या हुद्द्याचा अधिकारी, विभागप्रमुख होतो आणि औषधांच्या साठ्यापासून कॉर्प्समनच्या (अधिकारी नसलेल्या वैद्यकीय सैनिकांच्या) रजेपर्यंत सगळं त्याच्या गळ्यात येतं. योकोसुकाच्या हाताखाली सासेबो, इवाकुनी, कोरियातलं चिन्हे अशा ठिकाणची क्लिनिकं चालत आली आहेत. आपल्या कन्याकुमारीच्या दक्षिणेला सुमारे १,८०० किलोमीटरवरचं दिएगो गार्सिया बेटसुद्धा त्यांतलंच. असलं एक क्लिनिक तिशीतल्या अधिकाऱ्याच्या हाती येतं. वरिष्ठ शेकडो किलोमीटर दूर, विमान रोज नाही. निर्णय घ्यायचा, तो सकाळपर्यंत निभवायचा. निवड मंडळाला बघायचं असतं ते हेच.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात खटकतो: फक्त डॉक्टरच वर जातात. हा समज आपल्याकडे का आहे ते कळतं. कुलाब्याच्या आयएनएचएस अश्विनी या भारतीय नौदलाच्या रुग्णालयाचं नेतृत्व डॉक्टरकडे असतं, आणि मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसच्या अधिकारी कितीही वरिष्ठ असल्या तरी हॉस्पिटलची कमांड त्यांच्याकडे जात नाही. पुण्याच्या एएफएमसीमुळे लष्करी वैद्यक आपल्याला जवळचं वाटतं, म्हणून आपण तीच चौकट अमेरिकेवर बसवतो. अमेरिकन नौदलात मेडिकल, डेंटल, नर्स आणि मेडिकल सर्व्हिस, या चारही कोअरच्या अधिकाऱ्यांना रुग्णालयाची कमांड खुली आहे. मेडिकल सर्व्हिस कोअर म्हणजे प्रशासक, मानसतज्ज्ञ, फार्मासिस्ट, फिजिओथेरपिस्ट वगैरे. २०००च्या आसपास खुद्द बेथेस्डाच्या राष्ट्रीय नौदल वैद्यकीय केंद्राची कमांड कॅथलीन मार्टिन यांच्याकडे होती. त्या नर्स कोअरच्या. ज्या बेथेस्डाचं नाव घेऊन तो मजकूर नर्सना खाली बसवतो, त्या बेथेस्डाची ही गोष्ट आहे.

आणि अधिकृत पदाच्या कितीतरी आधी परदेशातल्या नौदल रुग्णालयांत नर्सनी नेतृत्व केलेलं आहे. डिसेंबर १९४१मध्ये जपान्यांनी मनिलाजवळच्या काविते तळावर बाँब टाकले तेव्हा तिथल्या कानाकाओ नौदल रुग्णालयाच्या मुख्य नर्स लॉरा कॉब होत्या. जानेवारीत मनिला पडलं आणि कॉब यांच्यासह अकरा नौदल नर्स युद्धकैदी झाल्या. पहारेकरी औषधं उचलून नेत होते, त्यांना क्विनाइन हवं होतं. मलेरियाच्या मुलखात क्विनाइन गेलं की माणसं मरणार. या बायकांनी क्विनाइनच्या बाटल्यांवर खाण्याच्या सोड्याची लेबलं लावली आणि साठा वाचवला. मे १९४३मध्ये लॉस बान्योसला नवी छावणी उघडायची ठरली तेव्हा या अकराही जणी तिथे गेल्या आणि जवळजवळ काहीच सामान नसताना दवाखाना उभा केला. २३ फेब्रुवारी १९४५ रोजी छावणी सुटली तेव्हा आत दोन हजारांवर कैदी होते. अन्न जवळपास संपलेलं होतं, आणि दवाखाना चालू होता. कैदेची तीन वर्षांहून जास्त. कॉब यांनी ती तुकडी एकत्र ठेवली, ड्यूट्या लावल्या, आजारी पडलेल्यांच्या जागी दुसऱ्या उभ्या केल्या. हे नेतृत्व नसेल तर नेतृत्व कशाला म्हणायचं, ते मजकूर लिहिणाऱ्याने सांगावं.

कॉर्प्समनचाही उल्लेख हवाच, कारण मजकुरात तो अजिबात नाही. ग्रीन कार्डवरच्या माणसाला अधिकारी होता येत नाही, पण भरती होता येतं, आणि आपल्यातली काही मुलं तशी जातात. कॉर्प्समनमधून पेटी ऑफिसर, चीफ, आणि रुग्णालयाच्या तिघांच्या शीर्ष नेतृत्वात बसणारा कमांड मास्टर चीफ, अशी ती वाट आहे. कमांडिंग ऑफिसरच्या खोलीत कॉर्प्समनची बाजू मांडणारा तोच.

चौथा मुद्दा, कमांडिंग ऑफिसर नामधारी. यामागे खरी घडामोड आहे. डिसेंबर २०१६मध्ये मंजूर झालेल्या संरक्षण कायद्याने भूदल, नौदल आणि वायुदलाची रुग्णालयं हळूहळू डिफेन्स हेल्थ एजन्सी या एका छत्राखाली आणली. परदेशातली सगळ्यात शेवटी गेली. आता पेशंटसेवा, तिचं बजेट, दर्जाचे निकष एजन्सीचे. पण खलाशी नौदलाचे, त्यांची युद्धसज्जता आणि प्रशिक्षण नौदलाचं. त्यामुळे एकाच माणसाला दोन पदं: एजन्सीसाठी रुग्णालयाचा डायरेक्टर आणि नौदलासाठी कमांडिंग ऑफिसर. शिस्तभंगाची सुनावणी त्याच्याचपुढे होते. एका बाजूला एजन्सी विचारते, ओपीडीतल्या अपॉइंटमेंट का लांबल्या. दुसऱ्या बाजूने नौदल म्हणतं, तुझा सर्जन आणि दोन नर्स पुढच्या महिन्यात जहाजावर हव्यात. दोघांनाही एकच माणूस उत्तर देतो. अधिकार वाटले गेले हे बरोबर. काम मात्र वाढलंय आणि अवघड झालंय. नामधारी माणसाला असले पेच पडत नाहीत.

उरला गंज. इथे मजकुराशी भांडण नाही. गुंतागुंतीच्या शस्त्रक्रिया छोट्या परदेशी रुग्णालयात कमी होतात आणि ट्रॉमा सर्जनला रोज हात चालवावा लागतो, यावर खुद्द अमेरिकन लष्करी वैद्यकातले लोक वर्षानुवर्षं बोलताहेत. त्यावर उपाय म्हणून नौदलाने लॉस एंजेलिसच्या काउंटी हॉस्पिटलात २००२पासून ट्रॉमा प्रशिक्षण चालवलं, शिकागोच्या कुक काउंटीत कॉर्प्समन पाठवले. तेवढ्याने प्रश्न सुटत नाही. माझं मत स्पष्ट आहे: रेसिडेन्सीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या सर्जनने पहिलीच नेमणूक अशा ठिकाणी मागू नये. फॅमिली मेडिसिन, बालरोग, स्त्रीरोग, मानसोपचार, नर्सिंग, प्रशासन, यांच्यासाठी मात्र तीच नेमणूक सोन्यासारखी आहे. मजकुराने सर्जनचं दुखणं सगळ्यांच्या गळ्यात बांधलंय.

मजकूर ज्याबद्दल गप्प आहे, त्यावर घरी खरं तर बोलायला हवं. चार वर्षांच्या शिष्यवृत्तीला साधारण चार वर्षं सेवा द्यावी लागते आणि रेसिडेन्सीची वर्षं त्यात धरत नाहीत. बेथेस्डाच्या लष्करी वैद्यकीय विद्यापीठातून शिकलं तर सात. इंटर्नशिपनंतर आधी जहाजावर किंवा मरीन तुकडीबरोबर जनरल मेडिकल ऑफिसर म्हणून पाठवलं जाऊ शकतं, तेव्हा स्पेशलायझेशन लांबतं. परदेशी नेमणुकीआधी कुटुंबाची वैद्यकीय छाननी होते; मुलाला विशेष उपचार लागत असतील आणि ते तिथे मिळत नसतील तर कुटुंबाला मंजुरी मिळत नाही. नवऱ्याची किंवा बायकोची नोकरी बहुधा सुटते. आणि भरती अधिकारी योकोसुकाचे कितीही सुंदर फोटो दाखवो, अमुक रुग्णालयात नेमणूक मिळेल असं तो लिहून देऊ शकत नाही.