तीन रूपं पाठ आहेत, मग ‘फॉर’ कुठे गेला?

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या ग्रुपांवर, होमस्टेवाल्यांपासून बारावीच्या पोरांपर्यंत, एक मेसेज फिरतोय: इंग्रजी क्रियापदाचा अर्थ आणि तीन रूपं (गो-वेंट-गॉन) पाठ करा, वाक्य आपोआप जमतं, मराठीत ‘ला’ आला की ‘टू’ लावा, वाक्य लांबलं तरी नियम तोच. रूपं पाठ हवीत, एवढंच यातलं खरं.

‘अर्थ कळला की वाक्य जमतं.’ नाही जमत. ‘मला सांग’, ‘मला समजावून सांग’, दोन्हीकडे मराठीत ‘मला’ निमूट बसतो. इंग्रजीत ‘टेल मी द वे टू द जेटी’ बरोबर. ‘एक्सप्लेन मी द वे’ चूक, तिथे ‘एक्सप्लेन द वे टू मी’. प्रत्येक क्रियापदाचा साचा, म्हणजे त्याच्यामागे काय आणि कसं येतं, ठरलेला असतो. कोशकार ए. एस. हॉर्नबी यांच्या १९४२ सालच्या शब्दकोशात असे २५ साचे दिलेले होते, म्हणजे हे काही आमचं खूळ नव्हे.

‘ला म्हणजे टू.’ ‘वी रीच्ड टू मालवण’ इथूनच येतं. गो ‘टू’ मागतं, रीच मागत नाही: ‘वी रीच्ड मालवण’. ‘त्याला थांबायला लावलं’ यात दोन ‘ला’, पण ‘आय मेड हिम वेट’मध्ये एकही टू नाही. वाक्य कर्मणी केलं की मात्र टू हजर: ‘ही वॉज मेड टू वेट’.

‘वाक्य लांबलं तरी नियम तोच.’ खरी गोची इथे. ‘वी आर वेटिंग फॉर द फेरी’ सगळ्यांना येतं. आता दाभोळच्या धक्क्यावर उभं राहून म्हणा: ज्या फेरीची वाट बघतोय, ती पलीकडे धोपाव्याला आहे. दहातले बरेचजण ‘फॉर’ खातात. कारण मराठीतली ‘ची’ फेरीला चिकटून तिच्याबरोबर पुढे जाते, ‘वाट बघतोय’पाशी काही उरत नाही. इंग्रजीत फेरी पुढे गेली तरी फॉर क्रियापदापाशीच राहतो: ‘द फेरी वी आर वेटिंग फॉर इज ॲट धोपावे’. कुणी ‘फॉर इट’ म्हणतं, तेही चूक. ‘फेरी’ हा शब्द वाक्यात एकदा येऊन गेलाय. तसंच ‘द रूम वी बुक्ड’ला शेपूट (फॉर, इनसारखा शब्द) नको, ‘द रूम वी स्टेड इन’ला हवं. शंका आली तर नाम परत मागे ठेवून बघा: ‘वी बुक्ड द रूम’ चालतं, ‘वी स्टेड द रूम’ खटकतं. खटकलं की शेपूट राहिलं.

वहीत नुसतं ‘एक्सप्लेन’ लिहू नका. ‘एक्सप्लेन समथिंग टू समबडी’ असं अख्खं लिहा. त्याखाली चार वाक्यं: साधं, प्रश्नार्थक, कर्मणी आणि ‘जो-जी-जे’चं. कर्मणीत फरक लगेच उघडा पडतो: ‘आय वॉज टोल्ड द वे’ चालतं, ‘आय वॉज एक्सप्लेन्ड द वे’ चालत नाही, ‘द वे वॉज एक्सप्लेन्ड टू मी’ म्हणावं लागतं.