ओस्लोतला विगेलान आणि सासवण्याचे करमरकर

मालवणला राजकोट किल्ल्यावरचा महाराजांचा पुतळा 26 ऑगस्ट 2024 ला कोसळला, तेव्हापासून आमच्या इथल्या मराठी ग्रुपवर पुतळ्यांचा विषय निघाला की वाद ठरलेला. 4 डिसेंबर 2023 ला अनावरण आणि नऊ महिनेसुद्धा झाले नव्हते. मग वाऱ्याने पडला की गंजलेल्या नटबोल्टमुळे, जबाबदार कोण, नवा किती फुटांचा करायचा, हे सगळं झालं आणि आता तिथे राम सुतारांच्या हातचा, आधीपेक्षा उंच पुतळा उभाही आहे. पण मला एका गोष्टीचं वाईट वाटत राहिलं, की एवढ्या चर्चेत शिल्पकाराला वेळ किती दिला होता हे फार कमी लोकांनी विचारलं.

मी ओस्लोत राहते, म्हणून हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. इथे फ्रॉग्नर पार्कमध्ये गुस्ताव विगेलान या एकाच माणसाची 200 हून जास्त शिल्पं आहेत, ब्रॉन्झ आणि ग्रॅनाइटची. 1921 मध्ये महापालिकेने त्याच्याशी करार केला: तुला राहायला आणि काम करायला मोठा स्टुडिओ बांधून देतो, त्या बदल्यात तुझं सगळं काम शहराचं. तो त्या स्टुडिओत 1924 ला राहायला गेला आणि 1943 ला वारला तोपर्यंत काम करत होता. मधोमध जो मोनोलिथ आहे तो म्हणजे एका दगडात एकमेकांत गुंतलेली 121 माणसं, म्हातारी, पोरं, बायका, सगळी वर वर जाणारी, उंची साधारण 17 मीटर. मातीत मॉडेल विगेलानने केलं, त्यावरून प्लास्टरचं झालं, मग दगड समुद्रमार्गे आणून उभा केला, भोवती शेड बांधली आणि तीन पाथरवट त्या शेडमध्ये जवळजवळ 14 वर्षं ठोकत बसले. लोकांसाठी मोनोलिथ खुला झाला तेव्हा विगेलान जिवंत नव्हता. कुणाच्या कारकिर्दीत पूर्ण झाला यावरून कोणी भांडलं असतं तर ते काम झालंच नसतं.

आणि त्या पार्कमध्ये राजा नाही, सेनापती नाही. पुलावर 58 ब्रॉन्झची शिल्पं आहेत, त्यात पाय आपटून रडणारा छोटा पोरगा सगळ्यात फेमस, त्याचा डावा हात लोकांनी धरून धरून सोन्यासारखा चकचकीत झालाय. पोरांना अंगावर खेळवणारा बाप आहे, भांडणारी जोडपी आहेत, एकमेकींना टेकून बसलेल्या म्हाताऱ्या आहेत. शिल्पाखाली नाव नाही, अर्थ नाही, आणि देणगीदारांच्या नावांची पाटीपण नाही. आपल्याकडे चौथऱ्यावरची कोनशिला वाचायला दोन मिनिटं लागतात आणि घडवणाऱ्याचं नाव शोधावं लागतं, याचा मला खरंच राग येतो.

इथलं सगळं भारी असं मात्र मी म्हणणार नाही. एकाच शिल्पकाराला एवढी जागा आणि एवढा पैसा का, बाकीच्यांचं काय, हा प्रश्न नॉर्वेत तेव्हाही विचारला गेला आणि मला तो बरोबर वाटतो. शिवाय जर्मनांनी देश ताब्यात घेतला तेव्हा विगेलानने त्यांच्या सैनिकांना आपला स्टुडिओ दाखवायची तयारी दाखवली होती, हे पण लोक विसरलेले नाहीत. आणि आपल्याकडे पुतळ्याशी माणसाचं जे नातं आहे ते इथे नाहीच. 19 फेब्रुवारीला पहाटे हार घेऊन चौकात उभी राहणारी पोरं, मालवणचा पुतळा पडल्यावर घराघरात झालेली हळहळ, ते प्रेम खरंय. म्हणूनच तर मला वाटतं की त्या प्रेमाला घाईत केलेलं काम देऊ नये. मुंबईजवळच्या अरबी समुद्रातल्या शिवस्मारकाचं जलपूजन 24 डिसेंबर 2016 ला झालं, त्यानंतर उंचीचे आकडे बदलत राहिले, समुद्रात काही उभं राहिलं नाही. उंची आधी जाहीर होते, बाकी सगळं नंतर.

बरं, आपल्याकडे माणसं नव्हती असंही नाही ना. अलिबागजवळच्या सासवण्याचे विनायक पांडुरंग करमरकर. लहानपणी त्यांनी देवळाच्या भिंतीवर काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र ऑटो रॉथफील्ड या कलेक्टरने बघितलं आणि पोराला मुंबईला जे. जे. कलाशाळेत शिकायला पाठवायची सोय केली. पुण्याच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमधला महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचा, 1928 चा, ओतकाम माझगावला झालेलं. जवळजवळ शंभर वर्षं झाली, घोडा आणि स्वार दोन्ही ताठ उभे आहेत. ज्यांना वाटतं जुन्या काळात टेक्नॉलॉजी नव्हती त्यांनी तो एकदा चारी बाजूंनी फिरून बघा, घोड्याची मान, उचललेला पाय, सगळं वजन कुठे पेललंय ते बघा.

पण करमरकरांचं मला जास्त आवडणारं काम सासवण्याला त्यांच्या घरात आहे. कोळीण, शंख फुंकणारा, अंगणातली म्हैस, आजूबाजूची साधी माणसं आणि जनावरं, बरीचशी प्लास्टर आणि सिमेंटमध्ये. विगेलानने जे ओस्लोत केलं तेच, जवळपास त्याच काळात, कोकणात. फरक एवढाच की विगेलानचा स्टुडिओ शहराने म्युझियम म्हणून सांभाळला आणि करमरकरांचं शिल्पालय त्यांच्या कुटुंबाने. मांडव्याला बोटीने उतरून अलिबागच्या बीचवर जाणाऱ्या किती जणांना हे घर वाटेत आहे हे माहीत असतं?

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. पुढचा पुतळा जाहीर होईल तेव्हा फुटांच्या आधी शिल्पकाराचं नाव, मुदत, धातू आणि आतला सांगाडा कोण तपासणार हे सांगा, आणि अनावरणाची तारीख शिल्पकाराने द्यावी. आणि त्या बजेटमधला छोटासा हिस्सा काढून करमरकरांच्या कोळणीची ब्रॉन्झमधली प्रत, अर्थात कुटुंबाला विचारून, ससून डॉकला किंवा भाऊच्या धक्क्यावर ठेवा, चौथरा नको, जमिनीवरच, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या उंचीला.