केस गळत नाहीत, म्हणून विंचरायचे नाहीत?

कुरळ्या केसांच्या लहान मिश्र कुत्र्यांविषयी ग्रूमर (कुत्र्यांचे केस कापणारे आणि निगा राखणारे) लपवून ठेवतात अशी सहा ‘सत्ये’ सांगणारा एक संदेश बरेच दिवस फिरतो आहे. दोनदा तो मी न वाचताच सोडून दिला. तिसऱ्यांदा तो माझ्या आत्याकडून आला आणि खाली तिने लिहिले होते, ‘बघ, मी इतके दिवस उगाच विंचरत होते.’ आत्याकडे पूडल आणि माल्टीज यांच्या संकरातली अकरा महिन्यांची कुत्री आहे आणि हा संदेश वाचून तिने पाच आठवड्यांपूर्वीच तिला विंचरणे बंद केले होते, हे मला तेव्हा कळले.

संदेशातले पहिले विधान असे : या कुत्र्यांचे केस गळत नाहीत, त्यामुळे त्यांना विंचरण्याची गरज नाही. बाकीच्या पाचांपेक्षा यानेच जास्त नुकसान होते, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो. अंगावर केस आहेत आणि ते गळत नाहीत, असे कुत्रे नसते. प्रत्येक केस वाढतो, थांबतो आणि सुटतो. पूडलसारख्या केसांत वाढीचा काळ लांब असतो, त्यामुळे एका वेळी थोडेच केस सुटतात आणि जे सुटतात ते जमिनीवर न पडता शेजारच्या कुरळ्या केसांत अडकून बसतात. मेलेला केस जिवंत केसाभोवती गुंडाळला जातो, त्यावर पट्ट्याचे, मांडीचे, बसण्या-उठण्याचे घर्षण होत राहते आणि जट तयार होते. सोफ्यावर केस दिसत नाहीत याचा अर्थ एवढाच की ते अजून कुत्र्याच्या अंगावरच आहेत.

कुत्र्यांच्या केसांची विविधता प्रामुख्याने तीन जनुकांतून येते, हे ‘सायन्स’ या नियतकालिकात 2009 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. एक जनुक लांबी ठरवते, दुसरे दाढी-मिशा आणि तिसरे कुरळेपणा. संकरात यांपैकी काय कोणाकडून येईल याची खात्री नसते आणि एकाच वेतातली दोन पिल्ले मोठेपणी अगदी निराळी दिसू शकतात. एकाकडून कुरळेपणा आणि दुसऱ्याकडून मऊ, रेशमी किंवा दाट पोताचे केस मिळालेले मिश्र कुत्रे शुद्ध पूडलपेक्षाही लवकर गुंतते, हे अशा कुत्र्यांना रोज हाताळणारा कोणीही सांगेल.

आत्याची कुत्री वरून पाहिली तर कापसाच्या खेळण्यासारखी दिसत होती. उजव्या काखेजवळचे केस मी दोन बोटांनी बाजूला केले, तेव्हा तिथे त्वचेची रेघ दिसायला हवी होती, ती दिसली नाही. धातूचा कंगवा अर्धे नख आत गेला आणि थांबला. खाली बुरणुसासारखा एकसंध थर होता आणि त्याच्या कडेला लाल, ओलसर, आंबूस वास येणारी त्वचा. अशा थराखाली हवा पोहोचत नाही, ओल टिकते आणि पाय उचलला की त्वचा ओढली जाते. कानामागे अशी जाड जट असेल आणि ती एकदम काढली, तर कुत्रे इतक्या जोरात कान झटकते की कानाच्या पाळीत रक्त साचू शकते. हे सगळे न विंचरण्याचे फळ.

करायचे ते अवघड नाही, फक्त वेळ लागतो. केसांत एकेक भांग पाडत स्लिकर ब्रश (बारीक वाकड्या तारांचा ब्रश) त्वचेपासून टोकाकडे न्यायचा आणि मग तोच भाग कंगव्याने तपासायचा. ब्रश वरच्यावर फिरवणारे अनेकजण प्रामाणिकपणे ‘आम्ही रोज विंचरतो’ म्हणतात आणि त्यांच्या कुत्र्यांना तळाशी जटा असतात. कंगवा अडला, की तिथे काम बाकी आहे.

दुसरे विधान म्हणे जट झालीच तर कोमट पाण्याने अंघोळ घाला, ती सैल पडते, नाही पडली तर कात्रीने कापा. लोकरीला पाणी आणि घर्षण मिळाले की तिचा नमदा होतो, हे ज्याने एकदा तरी स्वेटर चुकीचा धुतला आहे त्याला सांगावे लागत नाही. म्हणून आधी विंचरायचे, मग अंघोळ आणि नंतर पूर्ण कोरडे होईपर्यंत पुन्हा ब्रश. कात्रीचा सल्ला तर धोक्याचा आहे, कारण जटेबरोबर त्वचाही वर खेचली गेलेली असते आणि केस कुठे संपतात हे डोळ्यांना कळत नाही. लहान गुंता मुळाशी बोटांनी धरून टोकाकडून सोडवावा. मोठा असेल तर ग्रूमरकडे किंवा पशुवैद्यकाकडे मशीनने काढून घ्यावा. दहा नंबरची पाती साधारण दीड मिलिमीटर केस ठेवते आणि जटेखालून सरकते.

तिसरे, या कुत्र्यांची अॅलर्जी होत नाही. नेदरलँड्समध्ये 2012 साली झालेल्या अभ्यासात ‘अॅलर्जीमुक्त’ म्हणून विकल्या जाणाऱ्या जातींच्या केसांत अॅलर्जी आणणारे मुख्य प्रथिन इतर कुत्र्यांपेक्षा कमी नव्हे, जास्त आढळले. ते लाळेत आणि कोंड्यात असते, केस गळण्यावर अवलंबून नसते.

चौथे, उन्हाळ्यात वस्तरा लावल्यासारखे भादरून टाका. कुत्रे मुख्यतः धापा टाकून अंग थंड करते आणि उघड्या त्वचेला ऊन भाजते. एक-दोन सेंटिमीटर ठेवून कापायला माझी हरकत नाही. विंचरायला वेळ नसलेल्यांनी वर्षभर केस तेवढेच आखूड ठेवावेत.

पाचवे, कानातले केस उपटा. यात थोडे तथ्य आहे हे नाइलाजाने मान्य करतो. ज्या कुत्र्याला कानाचा संसर्ग वारंवार होतो, त्याचे केस काढायला पशुवैद्यक सांगू शकतात. निरोगी कानातले केस दर महिन्याला उपटले तर मात्र आत दाह होऊ शकतो आणि संसर्गाला वाट मिळू शकते.

शेवटचे, पिल्लाला वर्षभर ग्रूमरकडे नेऊ नका. साधारण सहा ते बारा महिन्यांत पिल्लाचे मऊ केस जाऊन मोठ्या कुत्र्याचे येतात आणि याच काळात जटा सर्वांत वेगाने होतात. शिवाय ज्या पिल्लाला मशीनचा आवाज आणि पंजाला धरणारा परका हात माहीत नाही, त्याची पहिली ओळख वर्षाने होते ती जटा काढताना, म्हणजे दुखत असताना.

आत्याच्या कुत्रीचे केस शेवटी त्वचेलगत उतरवावे लागले आणि काखेतली जखम भरायला दहा दिवस गेले. संदेश आत्याने आणखी तिघींना पाठवला होता. दोघींना तिने फोन केला आहे, तिसरी फोन उचलत नाही.