एअरफ्लो सेन्सरवाला मेसेज पुढे ढकलू नका राजेहो

मागच्या आठवड्यात मीच टाकलं होतं की इंजिनात जाणारी हवा मोजणाऱ्या एअरफ्लो सेन्सरचा पाईप मोठा केला तर दहा मिनिटं बॅटरीची वायर काढून ठेवा, ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) आपोआप शिकून घेते, ट्यूनिंगची गरज नाही. आता तो मेसेज अख्ख्या नागपुरात फिरून माझ्याकडेच परत आला. तर भाऊ, ते चुकीचं आहे, चूक माझी.

सेन्सर फक्त त्याच्या तारेवरून जाणारी हवा मोजतो, बाकीचा हिशोब ईसीयू पाईपच्या मूळ साईजवरून करते. ७० मिमीचा ८० केला की क्षेत्रफळ ३० टक्क्यांनी वाढतं, मग तेवढीच हवा हळू जाते आणि सेन्सरला जवळपास पाव हवा कमी दिसते, पेट्रोलही तेवढंच कमी पडतं. बॅटरी काढल्याने फक्त जुनं शिकलेलं पुसलं जातं, सेन्सरचा टेबल (सिग्नलवरून हवा किती हे ठरवणारा तक्ता) तसाच राहतो. निवांत चालवताना ऑक्सिजन सेन्सर (धूर तपासून पेट्रोल कमी-जास्त करायला लावणारा) थोडंफार सांभाळून घेतो म्हणून गाडी ठीक वाटते (मलाही वाटली होती), पण वर्धा रोडवर फुल अ‍ॅक्सिलरेटर दाबला की बहुतेक गाड्यांत ती दुरुस्ती बंद असते, वरून इंजिनवरचा लोड कमी दिसल्यामुळे टायमिंग पुढे जातं (स्पार्क लवकर पडतो) आणि नॉकिंग सुरू (पेट्रोल अवेळी पेटून इंजिन ठोकतं), त्यात आपल्याकडचा मे महिना म्हणजे विचारूच नका. माझ्या गाडीत वाईडबँड (हवा-पेट्रोलचं नेमकं प्रमाण मोजणारा सेन्सर) लावून लॉग काढला तेव्हा दिसलं, मिश्रण पार पातळ, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी.

टेबल नव्या पाईपच्या साईजप्रमाणे स्केल करून घ्या, नाहीतर जुना पाईप परत बसवा. अन् तो मेसेज कुठे टाकला असेल तर डिलीट करा, त्याजागी हा टाका.