पणजोबांचे नाव जनगणनेत का सापडत नाही

मुंबईतल्या ज्ञातिमंडळांच्या, ग्रामस्थ मंडळांच्या आणि गृहनिर्माण संस्थांच्या व्हॉट्सअॅप गटांतून सध्या एक मजकूर फिरत आहे. त्याचा सारांश असा: इंग्रजांनी १८७२ पासून १९३१ पर्यंत घरोघर जाऊन प्रत्येक माणसाचे नाव, जात, धंदा आणि जन्माचे ठिकाण लिहून घेतले, त्या मूळ याद्या दिल्लीत आणि काळा घोड्याच्या पुराभिलेखागारात जपून ठेवलेल्या आहेत, आता त्या इंटरनेटवर खुल्या झाल्या असून आडनाव आणि तालुका टाकला की पणजोबांची नोंद समोर येते, मुंबईतल्या चाळींमधली बिऱ्हाडेही त्यात आहेत, ही नोंद जातीच्या दाखल्यासाठी सर्वांत भक्कम पुरावा ठरते, आणि म्हणून २०२७ च्या जनगणनेपूर्वी ती प्रत्येकाने काढून ठेवावी. यातला पहिला भाग बराचसा खरा आहे, आणि त्याच्या आधारावरच पुढचा सगळा डोलारा उभा राहिला आहे.

नावे लिहिली गेली होती, हे मान्य केले पाहिजे. गणनेच्या काही आठवडे आधी घरांवर क्रमांक टाकले जात, गणक घरोघर जाऊन तक्ता भरून ठेवी, आणि ठरलेल्या रात्री पुन्हा फेरी मारून मधल्या काळात मेलेल्यांची व परगावी गेलेल्यांची नावे खोडी आणि नव्याने आलेल्यांची घाली. या तक्त्यात नावाचा रकाना असे. मात्र घरातल्या बाईचे नाव सांगायला कुणी आक्षेप घेतला तर तिच्यापुढे नुसते ‘स्त्री’ असे लिहिण्याची मुभा गणकाला होती. म्हणजे हे तक्ते आज हाती असते तरी कित्येक पणज्या त्यात निनावीच राहिल्या असत्या.

परंतु तक्ते हाती नाहीत, आणि त्याचे कारण गणनेच्या हेतूतच आहे. सरकारला हवे होते ते आकडे: कोणत्या जिल्ह्यात किती माणसे, कोणत्या वयाची, कोणत्या धर्माची आणि जातीची, किती साक्षर, किती विधवा. १९०१ पासून ही मोजदाद चिठ्ठ्यांच्या पद्धतीने होऊ लागली. प्रत्येक माणसाची एक चिठ्ठी तयार करायची, धर्म ओळखण्यासाठी कागदाचा रंग वेगळा ठेवायचा, आणि मग त्या चिठ्ठ्या जातवार, वयवार, व्यवसायवार खणांत टाकून मोजायच्या, असे ते काम होते. नावाचा या मोजणीत काडीचाही उपयोग नव्हता. कोष्टके छापून झाली की भरलेले तक्ते आणि चिठ्ठ्या हा निव्वळ कागदांचा ढीग उरे, आणि १९०१ साली हिंदुस्थानची लोकसंख्या सुमारे २९ कोटी असल्यामुळे तो ढीग किती मोठा असेल याची कल्पना करता येते. असे कागद जपून ठेवण्याची तरतूद नव्हती, आणि काम संपल्यावर ते नष्ट केले गेले. त्यांना कुणी दडपले नाही की कुलूपबंद केले नाही.

मग इंटरनेटवर दिसते ते काय? ते छापील अहवाल आहेत. १९३१ च्या गणनेत मुंबई इलाख्याचा अहवाल आठव्या खंडात आला. तो स्कॅन केलेला मिळतो आणि वाचण्यासारखाही आहे. त्यात जातींची नावे ओळीने येतात, त्यापुढे जिल्हावार आकडे येतात, आणि घाईघाईत पाने उलटणाऱ्या माणसाला ही कसली तरी यादी आहे असे वाटून जाते. ही यादी जातींची आहे, माणसांची नाही. रत्नागिरी जिल्ह्यात अमुक जातीचे इतके पुरुष आणि इतक्या स्त्रिया होत्या एवढेच तिच्यातून कळते. त्यातला एक आकडा आपल्या पणजोबांमुळे वाढला असेल, पण तो कोणता हे सांगण्याची सोय तिथे नाही. मजकुरासोबत येणाऱ्या काही दुव्यांवर नाव, जन्मतारीख आणि आधार क्रमांक भरायला सांगतात. जी यादी अस्तित्वातच नाही ती शोधून देण्यासाठी आधार क्रमांक कशाला लागतो, हे ज्याचे त्याने ठरवावे.

काळा घोड्याच्या पुराभिलेखागाराविषयी जे लिहिले आहे, त्यामुळे तिथल्या वाचनकक्षात जाणाऱ्यांचा मोठा हिरमोड होतो. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतला हा संग्रह इंग्रजी अमदानीतल्या मुंबई सरकारच्या दफ्तराचा आहे. खात्यांचा पत्रव्यवहार, ठराव, इनामांची आणि महसुलाची प्रकरणे हा त्याचा गाभा आहे. एखाद्या पूर्वजाचा सरकारशी काही वाद झाला असेल, त्याला इनाम असेल किंवा त्याने नोकरी केली असेल, तर तिथे त्याचा माग लागण्याची शक्यता जरूर आहे. जनगणनेची घरवार यादी तिथे मागणे मात्र व्यर्थ आहे.

ही समजूत आली कुठून, याचे उत्तर परदेशात आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १८४१ पासूनच्या नावनिशीवार नोंदी जपलेल्या आहेत आणि शंभर वर्षांनी त्या लोकांना पाहायला मिळतात. १९२१ चे तक्ते जानेवारी २०२२ मध्ये खुले झाले. अमेरिकेत ही मुदत ७२ वर्षांची आहे आणि १९५० ची गणना एप्रिल २०२२ मध्ये खुली झाली. लंडन किंवा न्यू जर्सीत राहणारा भाचा तिथल्या शेजाऱ्याच्या आजोबांचे पान पडद्यावर पाहतो आणि आपल्याकडेही तसेच असणार असे गृहीत धरतो. तिथेही सगळे वाचलेले नाही: इंग्लंड-वेल्सचे १९३१ चे तक्ते १९४२ साली आगीत जळाले, आणि १९४१ मध्ये महायुद्धामुळे तिथे गणनाच झाली नाही. तरी फरक मूलभूत आहे. तिथे नावांच्या नोंदी ठेवायच्या असे ठरले, इथे तसे कधी ठरलेच नाही. शिवाय आपल्या १९४८ च्या जनगणना कायद्यात ठरावीक वर्षांनी नोंदी खुल्या करण्याची तरतूद नाही.

आडनाव टाकून शोधण्याची कल्पना तर कोकण आणि देशावरचे जुने कागद पाहिलेल्या माणसाला विशेष खटकते. एकोणिसाव्या शतकातल्या गावच्या दफ्तरात सामान्य कुणब्याचे, महाराचे किंवा कोळ्याचे आडनाव अनेकदा येतच नाही. तिथे ‘गणू बिन राघू’ असतो, म्हणजे राघूचा मुलगा गणू. आणि ‘सखू कोम गणू’ असते, म्हणजे गणूची बायको सखू. मुंबईत गिरणीत किंवा गोदीत नाव लागताना, मुलाला शाळेत घालताना, कधी मास्तरांनी तर कधी कारकुनाने गावाच्या नावाला ‘कर’ जोडून आडनाव करून दिले, आणि एकाच आजोबांच्या दोन मुलांची आडनावे त्यामुळे वेगळी झालेली कुटुंबे लालबाग-परळमध्ये आजही भेटतात. अशा घराण्याचा शोध आडनावावरून घेतला की तो दुसऱ्याच पिढीत थांबतो. शोध पुढे न्यायचा तर गाव, वाडी, बापाचे नाव आणि जमीन असल्यास तिचा सर्व्हे नंबर एवढी सामग्री लागते, आणि ती बहुधा घरातल्या सर्वांत वयस्क आत्याकडे असते.

चाळींमधल्या बिऱ्हाडांच्या दाव्याला उत्तर वर आलेच आहे. तरीही मुंबईच्या गणनेची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १८६४ साली कापसाच्या तेजीच्या दिवसांत शहराची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली होती, ती १८७२ मध्ये ६,४४,४०५ वर आली. १९०१ मध्ये प्लेगने शहर पोखरले होते, असंख्य लोक गावी निघून गेले होते, आणि आकडा १८९१ च्या ८,२१,७६४ वरून ७,७६,००६ पर्यंत घसरला. तो इतका फसवा वाटला की १९०६ मध्ये महापालिकेने स्वतः वेगळी गणना केली आणि ती ९,७७,८२२ भरली. गणना त्या रात्री माणूस जिथे असेल तिथे करण्याची रीत होती. पणजोबा वीस वर्षे मुंबईत राबले असतील, पण १ मार्च १९०१ च्या रात्री चिपळूणजवळच्या आपल्या गावी असतील, तर मुंबईच्या आकड्यातही ते नाहीत.

आता सर्वांत गंभीर दावा, जातीच्या दाखल्याचा. यात लोकांचा वेळ आणि पैसा जातो, म्हणून त्याकडे नीट पाहिले पाहिजे. १९४८ च्या कायद्याचे कलम १५ असे सांगते की जनगणना अधिकाऱ्याने केलेली नोंदवही किंवा तक्ता पाहण्याचा हक्क कुणालाही नाही, आणि त्यातली नोंद दिवाणी दाव्यात पुरावा म्हणून ग्राह्य धरली जात नाही. फौजदारीत अपवाद आहे तो केवळ याच कायद्याखालच्या खटल्यांचा. त्याआधीच्या गणनांचे तक्ते उरलेलेच नाहीत. जात पडताळणीत कुटुंबातल्या विशिष्ट माणसाची, विशिष्ट तारखेपूर्वीची नोंद लागते. इतर मागासवर्गासाठी ही तारीख १३ ऑक्टोबर १९६७, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० आणि अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० आहे. त्या नोंदीतला माणूस आपला पूर्वज आहे हे वंशावळीने जोडून दाखवावे लागते. ‘या तालुक्यात १९३१ मध्ये इतके कुणबी होते’ हा आकडा समाजाविषयी बोलतो, अर्जदाराविषयी काहीच बोलत नाही. मराठा-कुणबी दाखल्यांसाठी पुढे केल्या जाणाऱ्या निजामकालीन हैदराबाद गॅझेटियरविषयीही हाच गोंधळ आहे. त्यात समाजांची संख्या आहे, कुटुंबांची नावे नाहीत. म्हणूनच २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने मराठवाड्यात अर्जदाराची गावपातळीवर स्थानिक अधिकाऱ्यांच्या समितीकडून चौकशी करण्याची कार्यपद्धती घालून दिली.

एक अपवाद मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवा, आणि फिरणाऱ्या मजकुरात नेमका तोच नाही. १९५१ च्या गणनेच्या वेळी गावोगाव माणसांच्या नावांची एक वेगळी नोंदवही तयार करण्यात आली, ती ‘नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर’. आसाममुळे तिचे नाव सर्वांना ठाऊक झाले, पण ती देशभर झाली होती. मराठा-कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात तपासायच्या महसुली कागदांमध्ये या रजिस्टरचाही समावेश होता. गावाच्या तहसील कार्यालयात ते उरले आहे का, हे विचारण्यात अर्थ आहे.

शिंदे समितीच्या कामातले इतर कागद पाहिले की पूर्वज कुठे सापडतात हे आपोआप कळते: खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कुळ नोंदवही, फेरफार म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद, सातबारा, गाव नमुना १४ म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही, शाळेचे जनरल रजिस्टर, तुरुंगाच्या आणि माजी सैनिकांच्या नोंदी. यातल्या बहुतेक ठिकाणी माणसाचे नाव जपण्यात कुणाचा तरी स्वार्थ होता. सारा कुणाकडून वसूल करायचा, जमीन कुणाच्या नावे चढवायची, निवृत्तिवेतन कुणाला द्यायचे, हे नावावाचून ठरत नाही. गाव नमुना १४ ला लोक कोतवाल बुक म्हणतात. त्यात मृताचे किंवा जन्मलेल्या मुलाच्या बापाचे नाव जातीसह मिळते, आणि माझ्या मते मुंबईकराने पहिला अर्ज तिथेच करावा. त्यानंतर आजोबा किंवा त्यांचे भाऊ ज्या प्राथमिक शाळेत शिकले तिथला प्रवेश-निर्गम उतारा. जमीन असेल तर फेरफार मागे मागे नेत जावे, कारण वारसाच्या एका फेरफारात मयताची सगळी मुले आणि विधवा नावानिशी येतात, आणि असे तीन फेरफार जोडले की चार पिढ्या उभ्या राहतात. बऱ्याच जिल्ह्यांचे जुने फेरफार आता स्कॅन झालेले आहेत. जुने कागद मोडी लिपीत असतात, तेव्हा मोडी वाचणारा माणूस आधी गाठून ठेवावा, आणि मिळालेल्या लिप्यंतरावर डोळे झाकून विसंबण्याऐवजी दुसऱ्याकडून एकदा वाचून घ्यावे.

मुंबईतच मूळ असलेल्यांसाठी विभाग कार्यालयातली जन्म-मृत्यूची नोंद, पालिका शाळांची रजिस्टरे आणि ईस्ट इंडियन म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी वांद्रे-वसईकडच्या चर्चमधली बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाची पुस्तके आहेत. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेला गेलेल्या पूर्वजाने स्वतः सांगितलेली वंशावळ मिळू शकते. गंमत अशी की एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून मॉरिशसला मजूर म्हणून गेलेल्या मराठी माणसाचा माग इथे राहिलेल्या त्याच्या भावापेक्षा सोपा लागतो, कारण मळेवाल्यांशी झालेल्या करारासाठी त्याचे नाव, बापाचे नाव आणि गाव नोंदवले गेले आणि ती रजिस्टरे मॉरिशसच्या महात्मा गांधी संस्थेत आजही आहेत.

राहिला प्रश्न २०२७ चा. १ मार्च २०२७ हा संदर्भदिन असलेल्या गणनेत जात विचारली जाणार आहे, पण प्रगणक कुणाकडेही जातीचा किंवा पूर्वजांचा कागद मागणार नाही. आपल्या माहितीप्रमाणे खरे उत्तर देणे एवढेच कायद्याने बंधन आहे, आणि जे सांगाल ते लिहून घेतले जाईल. त्यासाठी आधी काहीही काढून ठेवण्याची गरज नाही.