हरत होतो तेव्हा बरं होतं

शिकागोत राहून व्हाइट सॉक्स या बेसबॉल टीमच्या नादी लागलेल्या माणसाला २०२४ साली जे सुख मिळालं, ते पुन्हा मिळणे नाही. १६२ पैकी १२१ सामने टीम हरली. आधुनिक बेसबॉलमध्ये एका सीझनला इतकं कुणी हरलं नव्हतं. १९६२ पासून न्यूयॉर्क मेट्सनी सांभाळलेला १२० पराभवांचा विक्रम आम्ही हिसकावून घेतला. मधे सलग २१ सामने हरलो. अशा वर्षी चाहत्याला काडीचा ताप नसतो. संध्याकाळी टीव्ही लावायचा, नऊपैकी तिसऱ्या इनिंगला पाच धावांनी मागे पडलो की बंद करायचा आणि वेळेवर झोपायचं. त्या उन्हाळ्यात माझं ब्लडप्रेशर पाहून डॉक्टरांनी विचारलं, योगा वगैरे करता का?

हरण्यातही मात्र टीमला सरळ वागता आलं नाही. १२० पराभव पुरे झाले होते, पुढचे तीन सामने घरच्या मैदानावर होते. इतिहास डोळ्यांदेखत घडणार म्हणून लोक तिकिटं काढून आले. तर हे पठ्ठे समोरच्या एंजल्स टीमला लागोपाठ तिन्ही सामन्यांत हरवून मोकळे! विक्रम केला तो डेट्रॉइटला जाऊन. त्याच रात्री डेट्रॉइटची टीम दहा वर्षांनी प्लेऑफमध्ये पोचली, त्यामुळे मैदानावर जो जल्लोष चालला होता तो त्यांचा. आमच्या पराक्रमाकडे धड कुणी बघितलंसुद्धा नाही.

मग आलं २०२५. नवे मॅनेजर विल व्हेनेबल, बरीचशी नवी पोरं, आणि विजय ६०. साताऱ्याहून आईचा फोन आला. तिची हयात शाळेत गणित शिकवण्यात गेली.

"किती जिंकले रे यंदा?"

"साठ."

"कितीपैकी?"

"एकशे बासष्ट."

दोन सेकंदही लागले नाहीत. "सदतीस टक्के. म्हणजे पास की! गेल्या वर्षी पंचवीस होते. मग सुतकी आवाजात काय बोलतोस?"

१०२ सामने हरलो, सलग तिसऱ्या वर्षी पराभवांची शंभरी ओलांडली, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण पस्तीसच्या वर गेलेल्या पोराला आई कधी नापास म्हणत नाही.

खरा छळ इथूनच सुरू झाला. कोल्सन माँटगोमेरी नावाचा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक, जुलैत वरच्या टीममध्ये आला आणि ७१ सामन्यांत २१ होमरन (आपले षटकारच म्हणा) मारून बसला. त्याच वर्षी वसंतात त्याची बॅट इतकी रुसली होती की त्याला खालच्या लीगमधूनही उचलून ॲरिझोनाला शिकवणीला धाडलं होतं. अशा पोरावर जीव जडतो. जीव जडला की टीव्ही बंद करता येत नाही. पश्चिम किनाऱ्यावरचा सामना आमच्याकडे रात्री नवाच्या आसपास सुरू होतो. साडेअकराला आतून आवाज येतो, "अहो, झोपा आता, हरणारच आहेत ते." २०२४ मध्ये या वाक्याला शास्त्राचा आधार होता. आता मी उठून वाद घालतो, "आठव्या इनिंगपर्यंत पुढे आहोत." मग नवव्या इनिंगला एका धावेने हरतो, आणि सकाळी चहा पिताना कुणी काही बोलत नाही. पाच धावांनी हरलेला माणूस घोरतो. एका धावेने हरलेला छताकडे बघत पडतो.

वर हिशेबही ठेवावे लागतात. गॅरेट क्रोशे हा आमचा हुकमी पिचर, म्हणजे गोलंदाज, बॉस्टनला दिला, बदल्यात चार तरुण घेतले. क्रोशे तिकडे जाऊन सर्वोत्तम पिचरच्या साय यंग पुरस्काराच्या मतदानात अमेरिकन लीगमध्ये दुसरा आला. त्या चौघांतला कॅचर (आपल्या यष्टिरक्षकासारखा) काइल टील चांगला निघाला म्हणून माझी बाजू थोडी तरी उभी आहे. आणि इतिहासातला सर्वांत वाईट सीझन खेळल्यावर ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवी पोरं निवडायच्या रांगेत, पहिला नंबर मिळेल असं कुणालाही वाटेल. मिळाला दहावा! आमची गणना श्रीमंतांत होते, आणि श्रीमंत टीमला लागोपाठ दोन वर्षं लॉटरीने ठरणारा वरचा नंबर मिळत नाही, असा नियम. हरायचं दरिद्र्यासारखं आणि नियम सावकाराचा. २०२६ साठी मात्र लॉटरीत पहिला नंबर लागला. म्हणजे अजून एक आशा, अजून एका पोराची नावनिशी पाठ करणं आलं.

त्यात २०२५ च्या डिसेंबरमध्ये मुनेताका मुराकामी हा जपानी फलंदाज आला. दोन वर्षं, ३.४ कोटी डॉलर. जपानमध्ये २०२२ साली त्याने ५६ होमरन मारले होते. त्याची बॅट हवाही बरीच कापते, असं जाणकार म्हणतात. मी जाणकारांशी बोलणं बंद केलंय.

आईला मी मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं की पोप लिओ चौदावे आमच्याच टीमचे चाहते. २००५ च्या वर्ल्ड सीरिजचा, म्हणजे अजिंक्यपदाच्या मालिकेचा, पहिला सामना त्यांनी स्टेडियममध्ये बसून पाहिला होता. ती सीरिज आम्ही चार-शून्यने जिंकलो, ८८ वर्षांनी. आईने शांतपणे विचारलं, "मग आता ते प्रार्थना कशाची करतात?"

सराव शिबिर ॲरिझोनात, ग्लेनडेलला. त्याच आवारात लॉस एंजेलिसचे डॉजर्स सराव करतात, २०२४ आणि २०२५ असे सलग दोन वर्षांचे जगज्जेते. शेजार इतका चांगला असूनही गुण लागत नाही, यावर मी फार विचार करत नाही. पिचरांचा विचार करतो. शेन स्मिथला मिलवॉकीकडून जवळपास फुकटात उचलला आणि तो पहिल्याच वर्षी ऑल-स्टार, म्हणजे निवडक ताऱ्यांच्या संघातला, झाला. पण रोज रोज त्यालाच चेंडू देता येत नाही. आणि शेवटच्या दोन इनिंग टाकायला बुलपेनमधून, म्हणजे राखीव पिचरांतून, कोण येणार, हे मला कोणी विचारू नये.

२०२६ साठी माझा अंदाज ७० विजयांचा. आईला कळवला.

"त्रेचाळीस टक्के," ती म्हणाली. "सेकंड क्लासला पंचेचाळीस लागतात. त्र्याहत्तर कर."

जास्तीचे तीन विजय कुठून आणायचे ते बघायला मी वेळापत्रक उघडलंय. त्यातले बरेच सामने पश्चिम किनाऱ्यावर आहेत, रात्री नवानंतरचे.