जेलमधून सुटलेल्याला खोली दिली तर केस होते? कुठल्या कायद्यात, मामा?

मागच्या आठवड्यात मामांनी फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला, "सोलापूरकरांनो सावधान", आणि खाली चार मुद्दे. सुटलेल्या कैद्याला सरकार ५ लाख आणि नोकरी देतं, आत गेलेला माणूस गुन्हेगारच असतो, त्याचं मतदान कायमचं जातं, आणि त्याला खोली भाड्याने दिली तर घरमालकावर केस होते. असले मेसेज मी सोडून देतो, पण त्याच ग्रुपमध्ये आमचा मावसभाऊ, दादा, आहे, अडीच वर्षं आत काढून आलेला, आणि त्याने तो वाचला.

५ लाखांचं आधी उरकतो. कुठे मिळतात सांगा, मीच लायनीत उभा राहतो. आता खरं एवढंच की शिक्षा झालेल्या कैद्याला आत केलेल्या कामाची मजुरी मिळते, सुप्रीम कोर्टाने १९९८ मध्ये तसं सांगितलंय, पण ते घाम गाळून कमावलेले पैसे झाले. दादा कच्चा कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेला, त्याला तेही नाही. आला तेव्हा हातात एक पिशवी. मोबाईल नंबर कंपनीने दुसऱ्याला देऊन टाकलेला, ९० दिवस सिम वापरलं नाही की जाऊ शकतं, आणि आधारला तोच नंबर लिंक, म्हणजे ओटीपी कुण्या तिसऱ्याच माणसाला. बँकेत गेला तर दोन वर्षं व्यवहार नाही म्हणून खातं निष्क्रिय.

मतदान, आत असेपर्यंत करता येत नाही, बाहेर आला की येतं. निवडणुकीतल्या लाचेसारखे थोडे गुन्हे सोडले तर विषय संपला.

"गुन्हेगारच" म्हणणाऱ्यांनी एनसीआरबीचा, म्हणजे केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाचा, जेलांवरचा रिपोर्ट उघडावा. ३१ डिसेंबर २०२२ ला देशातल्या जेलांत ५,७३,२२० लोक होते, त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे चारातले तीन अजून दोषी ठरलेच नव्हते. दादा तर निर्दोष सुटला. जामीन त्याला मंजूर झाला होता, जामीनदार मिळाला नव्हता, मामा, तुम्हाला आठवत असेलच.

आता खोलीचं. विडी घरकुलकडे एक खोली ठरली होती, डिपॉझिट द्यायच्या दिवशी घरमालकीण काकूंनी मोबाईल पुढे केला, हाच फॉरवर्ड! म्हणे माझ्यावर केस नको बाबा. अहो, सुटलेल्या माणसाला घर देऊ नका असा कायदाच नाही. भाडेकरूची माहिती पोलिस स्टेशनला द्या असे आदेश निघतात, ती दिली नाही तर केस होऊ शकते, हे खरंय, पण ते सगळ्याच भाडेकरूंसाठी, बँक मॅनेजर असला तरी. फॉर्म भरायचा, आधारची झेरॉक्स जोडायची, झालं. आणि समजा दादाला शिक्षा झाली असती तरी काय? शेजारच्या सांगली जिल्ह्यात आटपाडीला स्वतंत्रपूर ही खुली वसाहत आहे, तिथे शिक्षा झालेले कैदी बायकापोरांसोबत राहून शेती करतात, औंध संस्थानाच्या काळापासून. सरकार त्यांना भिंतीशिवाय ठेवतं आणि आपल्याला दहा बाय बाराची खोली द्यायला भीती वाटते.

सध्या दादा आमच्या हॉलमध्ये झोपतो. लाईट चालू ठेवून, कारण बराकीत रात्रभर लाईट असायची, अंधारात झोप लागत नाही म्हणतो. पहाटे पाचला उठून घडी घालून बसतो, कुणी मोजायला येणार असल्यासारखा. पहिले काही दिवस तर बंद दारासमोर नुसता उभा राहायचा, आई म्हणायची अरे कडी काढ की, मग हसायचा. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या जुन्या कारखानदाराने टॉवेलच्या मागावर परत घेतलंय, काही विचारलं नाही त्याने. रात्रपाळी करून आला की दिवसा झोपायला जागा पाहिजे, आमच्याकडे दिवसभर पोरांचा गोंधळ.

मामा, मेसेज डिलीट करा. आणि तुमची मागची खोली दिवाळीपासून रिकामी आहे, भाडं किती ते ग्रुपवरच सांगा.